आबांचे बैल आणि कंपनीचा भोंगा

यंत्रामुळे माणूस सुधारला की बिघडला यावर तुम्ही खुशाल भांडा राव, पण आमच्या पिंपळे गुरवच्या आबांशी भांडून बघायला हवं होतं. त्यांच्या मुलाला, नामदेवला, पिंपरीच्या कंपनीत नोकरी लागत होती आणि आबा काही केल्या सोडेनात. म्हणून त्यांना पटवायला त्याच कंपनीतले आम्ही दोघं, मी आणि आमचा रफीक फिटर, नामदेवला घेऊन थेट शेतात गेलो. आबा नांगर धरून पुढे, आम्ही तिघं मागून ढेकळांत धडपडतोय.

"पूर्वी माणूस भूक लागली की जेवायचा," आबा म्हणाले. "आता भोंगा वाजला की जेवतोय. ही कसली सुधारणा?"

रफीक म्हणाला, "आबा, नांगर तरी काय? एके काळी नवं यंत्रच होतं की ते!"

"व्हय, पर त्यो माझं ऐकतो. मी थांब म्हणलं की थांबतो. तुमी थांबता का तिथं सोताच्या मनानं?"

तेवढ्यात कंपनीचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला, आणि दोन्ही बैल वावराच्या मधोमध उभे राहिले. आबांनी हाकारलं, शेपट्या पिरगाळल्या. बैल ढिम्म!

नामदेव हळूच म्हणाला, "आबा, तुमी रोज भोंग्यालाच सोडता की त्यांना."

रफीक हसून हसून ढेकळांत बसला. आबांनी एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि जू सोडत म्हणाले, "जा बाबा नाम्या, तू बी जा. घरातले दोघं तर कवाच कंपनीत लागल्यात!"