पंपाचा शाफ्ट

सीमेवरच्या कस्टम ऑफिसात ट्रक ड्रायव्हर आपल्या नंबराची वाट पाहत होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारे कारागीर आणि त्यांची लेक बोलत होती.

“जकात उठली, पलीकडचे पंप स्वस्तात आले आणि आपला कारखाना बंद पडला. आता तू त्यांनाच माल विकणार?”

“बाबा, अख्खा पंप आपल्याला त्यांच्या भावात परवडत नव्हता. पण आतला शाफ्ट आपल्यासारखा त्यांना जमत नाही. म्हणून लेथवर पन्नास शाफ्ट केले आणि पाठवले.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं, तर पाठवू दिले असते?”

“मुळीच नाही.”

“पन्नासही शाफ्ट मापून पाहिले त्यांनी. एकातही केसाएवढा फरक नाही. आता महिन्याला दोन हजार हवेत. आपली घरी बसलेली सातही माणसं सोमवारी कामावर येतायत.”

“सातही?”

“प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगून आले.”

“बरं केलंस पोरी. पण मग मला कशाला ओढत आणलंस इथवर?”

“त्यांचा मुख्य कारागीर विचारत होता, ‘तुम्हाला शिकवलं कुणी?’ मी म्हटलं, बाबांनी. आता त्याला तुम्हाला भेटायचंय.”

म्हातारे शर्टाचा चुरगळलेला खिसा सरळ करत राहिले.

तेवढ्यात ड्रायव्हरचा नंबर पुकारला. तो उठला आणि म्हणाला,

“आजोबा, आधी तुम्ही जा.”