कोनच्या पैलवानाची पाठ

मी पनवेलजवळच्या कोन गावचा, हिरामण. बापूस पावसात भात लावायचा आणि उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढायचा. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, तिसरीत गुरुजींनी कान धरला, तो सोडवून जो पळालो तो परत गेलोच नाय. पण कुस्ती बोलाल तर काय सांगू तुमाला, आजूबाजूच्या सगळ्या जत्रा खेळलो, कैक कुस्त्या बरोबरीत सुटल्या असतील, पण माझी पाठ मातीला कुणी लावली नाय. गावात नावच पडलं, पाठ न लागलेला पैलवान. सासऱ्याने पोरगी दिली ती त्याच नावावर, दुसरं काय विचारलंच नाय.

मंग जमिनी गेल्या, नवीन पनवेल उभं राहिलं, आमचा आखाडा बुजला. साठी उलटल्यावर भाचा एका हॉलमध्ये घेऊन गेला, मामा, ग्रॅपलिंग हाय, बघा तरी. बघतो तर पोरं गादीवर उताणी पडून एकमेकांना पायांनी धरतायत. मी बोललो, ही काय दुखणाईत हायत का? तिथले सर हसले, बोलले, काका, इथं पाठ लागली तर काय बिघडत नाय, हात नायतर मान अशी कोंडायची की समोरच्याने थाप मारून कबूल केलं पायजे, सोड, हरलो. मला काय पटलं नाय. पण अंगात रग, दुसऱ्या दिवशी लंगोट घेऊन हजर. सर बोलले, लंगोट नको काका, चड्डी घाला.

साठीवरच्यांच्या गटात खेळलो, सगळं वरून, दाबून, कोंडून. पदकं आणली, पण उताणा नाय पडलो. खालून खेळायचं शिकलो, नाय असं नाय, पण भाच्याबरोबर, हॉल रिकामा झाल्यावर. कोनचा माणूस बघायला नको.

आणि राज्याची फायनल पनवेललाच लागली. अख्खं गाव आलं, माझा मेव्हणा पांडू सगळ्यांच्या पुढं. समोरचा सांगलीकडचा, दगडासारखा. त्याने मागून मिठी घातली तशी मला कळलं, पालथा राहिलो तर हा मान घेणार, उताणा झालो तर ह्याचा हात सापडेल, पण गाव बघतंय. काय सांगू तुमाला, एवढ्या वर्षांचं नाव. झालो उताणा. लागली पाठ. पांडू ओरडला, गेले रे दाजी, गेले! दोन-चार जण चपला शोधायला लागले. मी पाय त्याच्या छातीवरून टाकले, हात मांड्यांत आवळला, कंबर उचलली, तशी त्याने थाप मारली.

पदक घालून बाहेर आलो तर पांडू बोलतो, दाजी, पदक ठीक हाय, पण पाठ लागली. अरे, हरला तो! ते त्यांच्या नियमात, बोलतो, लागली ती लागली. घरी बायको बोलली, लागली ना, मंग भांडता कशाला, जेवा.

यंदा जत्रेत फेटा बांधला, नारळ दिला, पण माईकवाला नुसतंच बोलला, कोनचे जुने पैलवान. पुढचं नाय बोलला. लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. तरी तीच कुस्ती परत आली तर मी परत उताणाच होणार, पांडूला काय बोलायचं ते बोलू दे.

आता सकाळी हॉलवर नवी पोरं येतात, पाठ टेकायला लाजतात. मंग आधी मीच गादीवर आडवा होतो आणि बोलतो, ये रे बाला, बस माझ्या छातीवर. देव त्यांची हाडं धड ठेवो.