माळवदावरून पाहिलेलं एशियाड

लिहा ताई, बिनधास्त लिहा, फक्त गावाचं नाव टाकू नका, मला अजून इथंच राहायचंय. शहागडच्या अलीकडं, गोदेच्या काठाला आमचं गाव. जात तुम्ही विचारली न्हाई, पण सगळं तिथूनच सुरू होतं, मंग सांगूनच टाकतो, आम्ही बौद्ध. आमचा बाप गावाची हलगी वाजवायचा, धर्म घेतला त्या दिवशी त्यानं ती हलगी गोदेत सोडून दिली, आणि मंग आमच्या घरात कोणी कशावर थाप मारली न्हाई. एक वेळ सोडून. ती एक वेळच सांगून राह्यलो तुम्हाला.

बाप लवकर गेला, मला वाढवलं दादानं, माह्या थोरल्या भावानं. दादा गवंडी, असा गवंडी की अंबडहून लोक बोलवायला यायचे, आणि नाद त्याला एकच, खेळ ऐकायचा. परांचीला ट्रांझिस्टर टांगायचा, इकडं थापी चालू, तिकडं हॉकी चालू, मी खाली माल कालवून राह्यलो. हॉकीची काठी त्यानं जन्मात पाह्यली नव्हती, पण गोल झाला की थापी हवेत. मलाही तोच नाद लागला. मी गावाच्या टीममधी कबड्डी खेळायचो, चढाई माही आणि डावा कोपरा दिगांबरचा. दिगांबर म्हणजे बड्या घरचा, वावर म्हणाल तर नदीपर्यंत त्यांचंच. जिंकलो की मला खांद्यावर घेऊन नाचायचा. मैदानात बाटत नव्हता बरं का तो.

बीजिंगचं एशियाड आलं तवा गावात टीव्ही एकच, दिगांबरच्या घरी, आणि आमचा ट्रांझिस्टर नेमका बिघडलेला. दादा म्हणला, तू जाय, डोळ्यांनी पाहून ये, आणि मला सांग, कोणी कसं मारलं ते बराबर सांग. गेल्तो मी. बैठकीत पाय टाकला तर दिगांबरची आई म्हणली, अरे अरे अरे, तिकडं कुठं! आणि दिगांबर हसून म्हणला, तू वर जाय रे, अँटिना धर, तुझ्यासारखं कोणाला जमत न्हाई.

चढलो माळवदावर. गोदेचं वारं, हातात पाईप, आणि खालून आवाज, डावीकडं, अजून, गेलं, गेलं, आलं, हां, तसंच धरून ठेव. असं अख्खं एशियाड पाह्यलं मी, काय सांगू तुम्हाला. दुनिया पळून राह्यली, दुनिया पोहून राह्यली, आणि मी दिगांबरच्या घरचे वाळू घातलेले उडीद पाहून राह्यलो. कबड्डी त्या खेळांत पहिल्यांदाच ठेवली होती, माहा खेळ, त्यात सोनं मिळालं, तेही मी वर उन्हात उभं राहून ऐकलं. तरी खूश होतो. मला वाटायचं माह्या हातानंच दिसून राह्यलं यांना सगळं. येडाच होतो बिलकुल.

मंग आली हॉकीची फायनल, पाकिस्तानसंग. दुपारची वेळ, घर गच्च भरलेलं, दारात माणसं, खिडकीत माणसं. मी वर. शेवटी शेवटी खाली चिडीचूप झालं, मला वाटलं जीव मुठीत धरून बसले असतील. वाकून आवाज दिला, दिगांबर, काय झालं रे? तो अंगणात आला, वर पाह्यलं, आणि दोन्ही हात वर करून म्हणला, जिंकलो! जिंकलो रे, जाय जल्दी, दादाला सांग! मी मागच्या भिंतीवरून खाली उडी टाकली आणि जो पळालो तो थेट वस्तीत.

दादा ओट्यावर बसलेला. म्हणलो, दादा, जिंकलो! ताई, गोल कोणी मारला तेही त्यानं विचारलं न्हाई. उठला, घरातलं तेलाचं रिकामं पिप आणलं, उलटं केलं आणि वाजवायला बसला. तवा मला माहीत पडलं, बापाचा हात याच्यात उतरला होता, आणि एवढी वर्षं यानं तो दाबून ठेवला होता. बाया थाळ्या घेऊन आल्या, म्हाताऱ्या नाचल्या, पोरं नाचले. भारत माता की जय म्हणून राह्यलो आम्ही, गळा बसेपर्यंत.

आणि तिकडं पारावर गाव मान खाली घालून बसलेलं. आपण हरलो होतो ताई.

आले मंग काठ्या घेऊन. पाकिस्तान जिंकलं म्हणून नाचता का रे, खाता इथलं आणि... पुढच्या शिव्या लिहू नका. आणि सगळ्यात पुढं कोण, तर दिगांबर. आम्ही कशापायी नाचून राह्यलो हे त्या गर्दीत दुसऱ्या कोणाला असो-नसो, त्याला पक्कं माहीत होतं. मी म्हणलो, दिगांबर, अरे तूच तर... एवढंच म्हणलो. त्यानं काठी उचलली ती माह्या डोक्यावर, आणि दादानं मधी हात घातला. उजवा हात. मोडल्याचा आवाज मला आला, पिपापेक्षा बारीक आवाज. त्या हातात पुन्हा थापी बसली न्हाई.

ठाण्यात साहेब मला विचारतो, मॅच तू पाह्यली? म्हणलो न्हाई. मंग न पाहता नाचले कसे? मी दिगांबरचं नाव सांगितलं. दिगांबर म्हणतो, मी तर हरलो म्हणूनच सांगितलं, यानं मुद्दाम उलटं केलं. गच्च भरलेल्या घरातला एक माणूस तोंड उघडायला तयार न्हाई. साहेब म्हणला, गावात राहायचंय ना, मिटवून घ्या. मिटलं. कबड्डी मी त्या दिवशीच सोडली.

पुढं एकदा दिगांबर दादाला बाजारात भेटला, चहा पाजला आणि म्हणतो कसा, गंमत केल्ती रे, तुम्ही लई मनावर घेतलं. गंमत! मेल्याला गंमत वाटून राह्यली. दादानं चहा डाव्या हातानं पिला आणि घरी आला. आता दिगांबर सरपंच आहे, पंधरा ऑगस्टला झेंडा तोच लावतो, देशावर प्रेम करा म्हणून आम्हाला सांगतो. मी पुढं जाऊन उभा राहतो, त्याला दिसेल असा. मी पळत गेल्तो ती माही चूक न्हाई, हे बराबर लिहा.

आता माह्या घरात रंगीत टीव्ही आहे, केबल आहे, अँटिना धरायला कोणी लागत न्हाई. मागल्या ऑलिंपिकमधी आपल्या एका माणसाला पदक मिळालं, आम्ही घरच्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाह्यलं, गळ्यात घातलं, झेंडा वर गेला. माही नात उड्या मारून ओरडायला लागली. दादा बाजेवरून उठला. डाव्या हातानं आधी दाराला कडी घातली, मंग टीव्हीचा आवाज बारीक केला, आणि तिला म्हणला, थांब बाई, उद्या पेपर येऊ दे.

सकाळी अंबडच्या एस्टीनं पेपर आला. मी मोठ्यानं वाचलं. दादा म्हणला, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मंग म्हणला, खरं दिसतंय, वाटा साखर. सून वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेल्ती, तर तिला म्हणला, बाहेर न्हाई बाई, घरातल्या घरात.