लाँगहाउसमध्ये राहिलेला नवरा

वॉलॉंगॉंगहून सुटलेल्या ट्रेनमध्ये समोरचं मराठी जोडपं बोर्निओच्या सहलीवरून भांडत होतं. तेजश्रीने हेडफोनमधलं गाणं हळूच बंद केलं.

"रुंगूस आदिवासींच्या त्या लांबलचक लाँगहाउसमध्ये तू मला चक्क विसरून गेलीस, मधू!"

"विसरले नाही रे, मुद्दाम ठेवून गेले."

"काय?"

"तू तिथल्या आजींना मण्यांच्या माळा कशा ओवायच्या ते शिकवत होतास, शिरीष. ज्यांची ती पिढीजात कला, त्यांनाच! म्हटलं, तेवढ्यात शांतपणे समुद्र बघून यावं."

"मग एवढ्या लवकर न्यायला कशाला आलीस?"

"मी सूर्यास्तापर्यंत थांबणार होते. आजींनीच आपल्या ड्रायव्हरला फोन केला, 'आधी याला घेऊन जा' म्हणून."

तेजश्रीचं स्टेशन आलं, पण ती काही उठली नाही.