म्हंकाळाच्या ओढ्यातली झुंज

ऐका. आज सांगायचं त्राण न्हाई मला, पण ऐका. त्या अंकुशच्या हाताला पट्टी बघितली न्हवं? आन् हा शेजारचा बजरंगा बघा, त्याच्याकडं पाठ करून बसलाय. दुपारी ह्या दोघांची कुत्री भांडली. कुत्री कवाच झोपली, आता हे भांडत्यात. किती वरसं हेच बघू रं मी? दमले बाई.

तर माझा थोरला दीर, बिरू. मेंढरं ओढ्यापल्याड बसलेली. अंधार पडल्यावर हा भाकरी घेऊन निघाला. संगं भुंग्या. लेकरागत सांभाळलेलं कुत्रं, एक पाय पांढरा. सासूबाई म्हणाल्या, "ओढ्यातनं नगं जाऊ रं बाबा, लांबनं जा." ऐकतोय कुठला!

त्या ओढ्यात म्हंकाळाचं भूत असायचं. जित्ता होता तवा कुत्र्यांच्या झुंजी लावायचा मुडदा. सारखं आपलं छू, छू! एकदा त्याचंच कुत्रं खाली पडलं, तसा हा सोडवायला गेला. मधी हात घातला. त्याच्याच कुत्र्यानं फोडला. झुंजीत कुत्र्याला धनी दिसतोय व्हय? मग पिसाळला, पाण्याला भिऊन भिऊन गेला बिचारा.

बिरू ओढ्यात उतरला. मागनं शिट्टी आली. वळून बघतो तर कोण न्हाई. पुढं गेला, परत शिट्टी, आता पार कानाशी! भुंग्याच्या पाठीवरचं केस उभं. आन् अंधारातनं आवाज आला, "छू!" झाडाखालनं एक कुत्रं निघालं. आगं आई गं! तसंच अंग, तसाच पांढरा पाय. दुसरा भुंग्याच!

जुंपली. नुसती धूळ, नुसतं केकाटणं. आपला कुठला, परका कुठला, काय कळंना. मागनं कोण तरी म्हणतंय, "बिरू, मरतंय तुझं कुत्रं. हात घाल." बिरू रडाय लागला. वाकला. हात पुढं केला. "घाल की हात!" तवा त्याला म्हंकाळ आठवला. हात मागं घेतला, खांद्यावरचं घोंगडं काढलं आन् टाकलं दोघांवर!

गप्प. सगळं गप्प. घोंगड्याखाली एकच कुत्रं हलत होतं. तसंच उचललं आन् जीव घेऊन पळाला.

घरी कंदिलाच्या उजेडात घोंगडं मीच सोडलं. भुंग्या आपलाच होता, जित्ता होता. मानेवर चावा. हळद भराय गेले तर हात थांबला माझा. दात कुत्र्याचं नव्हतं. माणसाचं होतं.

जगला भुंग्या. पण पुढं कुठलंबी कुत्रं दिसलं की थरथरायचा. मेंढरांमागं परत गेला न्हाई. दारातच म्हातारा झाला, वाईट वाटायचं बघून.

अंकुश, तुझ्या हातावर तुझ्याच कुत्र्याचं दात हायत. उगा बजरंगाच्या नावानं शिमगा करू नगं. आन् बजरंगा, उद्या सुई हाय ह्याची, गाडीवर तूच ने. ओढ्याच्या वाटंनं मात्र नगं, कधीच नगं. लांबनं जा. लांब पडंल, पडू दे. तेवढंच बोलणं हुईल तुमचं.