देवीचे कोरे डोळे

सकाळचे नऊ वाजले होते. कारंज्याच्या नव्या देवळात प्राणप्रतिष्ठा होती. चार महिने आत भिंतीवर देवी रंगवणाऱ्या किसन चिताऱ्याला पाटलांनी पायरीशीच अडवलं. डोळे शेवटच्या दिवशी भरायचे, हा त्याच्या धंद्याचा रिवाज.

"पाटील, आत जाऊ द्या मले. डोये भरायचे राह्यले."

"देऊळ शुद्ध केलं, किसन्या. तुह्या जातीले आता आत येता येत नाही."

"कालपर्यंत तं येत होतो!"

"काल नुसती भिंत होती. आज देव बसला."

"मंग देवी आंधळीच ठेवता काय?"

आरती संपेपर्यंत तो तिथंच उभा होता. कुंचल्यावरचा रंग वाळून गेला. मी बातमीदार, पाटलांना तोंडावर विचारलं, पेपरात छापलं. किसन गेल्या वर्षी वारला. पूजा रोज होते. देवीचे डोळे अजून कोरेच आहेत.