तपासनीच्या आधीचे दोन दिवस

माहं माहेर केनवडकडचं, सासर इकडं अनसिंगच्या शिवारात. शाळा म्हनसान त दुसरी. लगन झालं तवापासून सोयाबीन निंदनं, तूर सोंगनं, हेच करून राह्यली मी. मालक कवाच वारले, पोरगी नांदाले गेली, आता माहे पाय चालले त माहं घर चालते.

मंग साखरेची बिमारी निंघाली. दर महिन्याले आरोग्य केंद्रात जाव, तपासाव, गोळ्या आनाव. आन काय सांगू तुमाले, आमी बाया लय हुशार! तपासनीच्या आधी दोन दिवस गोड चहा बंद, भात बंद, भाकर अर्धी. मंग साखरेचा आकडा असा बराबर येते का डॉक्टरीनबाई म्हने, वा मावशी, शाब्बास. तिथून निंघालं का पहिले टपरीवर चहा, तो बी डबल साखरेचा. साऱ्या बाया असंच करत. परीक्षाच वाटे आमाले ते, पास व्हाव बस.

गोळी बी अर्धीच खाव मी. काहून, त सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन वावरात गेलं का हातपाय थरथरत, डोळ्यापुढं अंधारी ये. बाईनं इचारलं, गोळ्या घेता ना? मी म्हनलं, हो हो, घेतो ना.

मांगच्या हंगामात सोयाबीनचं धसकट पायात घुसलं. साखरेनं पाय बधिर झालते, मले कळलंच नाई बाप्पा, घरी आल्यावर चपलीत रगत दिसलं. जखम काई भरे ना. बाई तपासनीच्या कार्डाकडं पाहे, माह्या पायाकडं पाहे, म्हने साखर त चांगली हाये, मंग हे काहून नाई भरून राह्यलं? मले ठाव होतं काहून. तरी मुकी बसली मी, लाज वाटे. मंग वाशिमले पाठवलं, तिथं पायाची करंगळी कापली, आन तिथले डॉक्टर म्हनले, असंच राह्यलं त पाय जाईन. तवा मले सोताचाच असा राग आला! पाय माहा, आन खोटं बी मीच बोलून राह्यली, हे कोनती अक्कल?

गावी आली आन सिधी केंद्रात गेली. म्हनलं बाई, मी खोटं बोलली, पाहिजे त रागवा, पन माहा पाय वाचवा. सारं सांगतलं. बाई म्हने, मावशी, तुमी जेवता कवा? म्हनलं दहा वाजता, वावरात. हे तिनं कवा इचारलं नोतं आन म्या कवा सांगतलं नोतं. मंग दोघीनं बसून माहा सारा दिवस कागदावर मांडला, गोळी भाकरीसंग केली. चहावरून त भांडनच झालं आमचं, म्या म्हनलं साखर सोडतो पन गुळाचा घेतो, ते म्हने गूळ बी तेच. शेवटी बिनसाखरेचा ठरला. कडू लागते, पन ठरवला म्याच, म्हनून पेतो. आता आकडा वाढला त मीच सांगतो, बाई, बारशाले जिलबी खाल्ली. जखम भरली, निंदाले जातो.

माही धाकटी जाऊ, तिले बी साखर. परवा तपासनीले आली, दोन दिवसाची उपाशी. बाईनं इचारलं, आन ते म्हने सारं बराबर हाये. म्या भर लाइनीत म्हनलं, बाई, इले इचारा रोज किती गोळ्या खाते. लय चिडली. घरी येऊन भांडली, तवापासून बोलत नाई माह्यासंग. माह्या दारावरून जाते, तोंड फिरवून जाते. जाऊ द्या. दोनी पायावर जाते ना, देव तिचे पाय असेच ठेवो.